उत्तरेच्या भिंतीतला आपला वाटा

प्रिय तनू,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू घाबरली असशील, म्हणून आधीच सांगते. कोणी पडलेलं नाही, कोणी हॉस्पिटलमध्ये नाही, घर जागेवर आहे. दर रविवारी आपण फोनवर बोलतो, तरी पत्र लिहायला बसले आहे, कारण फोनच्या वेळी तुझे बाबा समोरच्या खुर्चीत असतात. पेपर वाचतात म्हणे. अगं, पानसुद्धा उलटत नाहीत. कान नुसते टवकारलेले. आणि फोन ठेवला की विचारणार, कोणाचा होता? नऊ वर्षं झाली, दर रविवारी हेच. मला कधी हसू येतं आणि कधी हातातली किटली त्यांच्या डोक्यात घालावीशी वाटते.

हे पत्र मराठीत आहे आणि चांगलं लांबलचक होणार आहे. शनिवार-शनिवार साउथहॅम्प्टनहून हॅरोच्या मराठी शाळेत तुला ट्रेनने ओढत न्यायचे, सँडविचच्या नावाखाली थालीपीठ खायला घालायचे, ते फुकट गेलं की नाही हे मला आता बघायचंय. हळूहळू वाच. अडलीस तर मोठ्यांदा वाच, डोळ्याला अडतं ते कानाला कळतं. फोनला अर्थ विचारू नकोस, तो भलतंच काहीतरी सांगतो.

तर बातमी अशी, की या मिडसमरला, जूनमध्ये, चर्चच्या लाकडी भिंतींना डांबर लावायची पाळी आहे. दर चार वर्षांनी येते, तुला मी काय सांगायचं. मागच्या दोन पाळ्यांना आपल्या घरच्या कोणी भिंतीला ब्रश टेकवला नाही आणि उत्तरेच्या भिंतीतला आपला वाटा राखाडी पडला आहे, हेही तुला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते आता सांगते. आपल्या वाट्याखालचा, अगदी पायाच्या दगडांवर बसलेला जो ओंडका आहे ना, तो सडलाय. जानेवारीत पास्टरबाईंनी खिशातला चाकू काढून नुसता टेकवला, तर पिकल्या पपईत जावा तसा मुठीपर्यंत आत गेला. मी शेजारीच उभी होते. त्यांनी चाकू पुसून परत खिशात ठेवला, बस. या लोकांचं तेच वाईट, आपल्यासारखं तोंडावर बोलून मोकळं होत नाहीत.

मी तिथे उभी होते कारण चर्चची किल्ली आता माझ्याकडे असते. हो, माझ्याकडे. इतकी वर्षं किल्ली सांभाळणारी इंगर वारल्याचं तुला सांगितलं होतं. जायच्या आधी ती पास्टरबाईंना सांगून गेली, की किल्ली शशीला द्या, ती तशीही दिवसभर स्वयंपाकघराच्या खिडकीतून चर्चकडेच बघत असते. एवढी मोठी लोखंडी किल्ली आहे, पर्समध्ये टाकली की पर्स एका बाजूला कलते. लुथरन चर्चची किल्ली आणि ती गणपती बसवणाऱ्या बाईकडे. लंडनहून तुझी अनुयामावशी आली होती, तिला हसू आवरेना. मी म्हटलं, केरसुणीला कुठे धर्म असतो बाई. दर शुक्रवारी झाडते, बाकांवरची धूळ पुसते, मेणबत्त्यांचं ओघळलेलं मेण खरवडते आणि मग पाच मिनिटं डावीकडच्या तिसऱ्या बाकावर नुसती बसते. आत लाकडाचा आणि जुन्या धुराचा वास असतो. तुझ्या शाळेच्या स्वेटरला डांबराच्या दिवसानंतर आठवडाभर यायचा तो. धुतला तरी जायचा नाही. आता वाटतं, कशाला धुतला.

कोणी बघायला आलं की मला चर्चची माहितीही सांगावी लागते. गेल्या महिन्यात रीडिंगहून आपली दोन सॉफ्टवेअरवाली कुटुंबं आली होती, न्यू फॉरेस्टची घोडी बघायला आलेली, पाटी बघून इकडे वळली. दार उघडून साडीवरच्या कार्डिगनमधली मी बाहेर आले तर त्यांना वाटलं चुकून भलत्याच ठिकाणी आलो. त्यांना सांगितलं तेच तुला सांगते, चुकलं तर सुधार, तू आता त्यातली जाणकार.

पहिल्या महायुद्धात इथलं अर्धं जंगल तोडून खंदकांसाठी पाठवलं होतं. युद्ध संपल्यावर उरलेलं लाकूड कापायला गिरणी निघाली आणि मालकाने नॉर्वेतल्या एका खोऱ्यातून करवतकाम करणारी माणसं बायकामुलांसकट आणली. गावात दगडी चर्च होतं, त्यांना कोणी येऊ नका म्हटलं नव्हतं. पण प्रार्थना कळायची नाही, गाणी ओळखीची नाहीत, मागच्या बाकावर पाहुण्यासारखं बसायचं. मी पहिल्या वर्षी इथल्या स्कूल असेंब्लीला बसायचे तसं. शेवटी त्यांनी घरी कळवलं, की आम्हाला आपलं चर्च हवं. तिकडच्या भाऊबंदांनी काय करावं? पाइनचे ओंडके तासले, टोकांना खाचा पाडून एकात एक बसवले, आपल्याच शेतात अख्खं चर्च उभं केलं, प्रत्येक ओंडक्याच्या टोकाला आकडा कोरला आणि मग सगळं परत सुटं करून जहाजात भरून साउथहॅम्प्टनला पाठवून दिलं. लेकीच्या मागून रुखवत यावं तसं चर्च आलं. इथे एका उन्हाळ्यात ते परत उभं राहिलं. भिंतीत खिळा नाही, दोन ओंडक्यांमध्ये शेवाळ दाबून भरलंय वारा येऊ नये म्हणून. छपराला लाकडाच्याच कौलांसारख्या फळ्या. घंटेचा मनोरा बाजूला वेगळा, कारण घंटा हलली की भिंतींना हिसके नकोत. आत निळं छत, आणि त्याला टांगलेलं ते छोटं शिडाचं जहाज, समुद्र सुखरूप ओलांडल्याची खूण म्हणून. तू लहानपणी विचारायचीस, आपणही ओलांडला ना, मग आपलं विमान का नाही टांगलं?

तू पाच-सहा वर्षांची असताना आपण या गावात घर घेतलं. बाबांना हॉस्पिटलच्या नोकरीवर जायला गाडीने बराच वेळ लागायचा, सगळ्यांनी वेड्यात काढलं. पण तुझ्या बाबांनी एजंटबरोबर येताना ते चर्च पाहिलं होतं आणि घर आतून नीट न बघताच हो म्हणून टाकलं. पहिल्या रविवारी कुतूहल म्हणून आपण तिघं आत गेलो. मूर्ती नाहीत, अगरबत्ती नाही, समोर एकच चित्र. तुला आठवत असेलच ते, चर्च बांधणाऱ्यांनी हट्टाने मागवलेलं. सुताराचं दुकान, जमिनीवर लाकडाचे कुरळे ढलपे, जोसेफ आडव्या पात्याच्या वाकसाने ओंडका तासतोय आणि लहानगा येशू बाजूला फळी धरून उभा. तुझे बाबा त्या चित्रासमोर उभे राहिले ते राहिलेच. मला वाटलं, हा माणूस आता बाटतो की काय. घरी आल्यावर जेवताना एकदम म्हणाले, चित्रकाराला वाकस धरता येत नाही. असा धरून मारला तर पहिल्याच घावात नडगी फुटेल. तू विचारलंस, वाकस म्हणजे काय. ते म्हणाले, जेव.

त्याच वर्षी डांबराची पाळी होती. आपल्याला काही बोलावणं नव्हतं, आपण कुंपणाबाहेरून बघत होतो. तू बाबांच्या खांद्यावर. पाइनच्या मुळ्यांचं डांबर मोठ्या पातेल्यात ऊन ऊन केलेलं, सगळं गाव वासाने भरलेलं, आणि प्रत्येक घर आपापल्या वाट्यापुढे ब्रश घेऊन उभं. भिंतीचे वाटे बांधणाऱ्या कुटुंबांत तेव्हापासून वाटलेले. ज्याचा वाटा त्यानेच रंगवायचा, दुसऱ्याने हात लावायचा नाही. कोणी आलं नाही तर ती जागा तशीच सोडायची. उत्तरेच्या भिंतीवर मधोमध एक राखाडी चौकोन होता, त्या घरातलं शेवटचं माणूस वारलेलं. तुझ्या बाबांना ते बघवेना. तुला खाली उतरवलं, फाटक उघडून आत गेले आणि इंगरला म्हणाले, मला एक ब्रश द्या. तिने त्यांच्याकडे बघितलं, तुझ्याकडे बघितलं आणि दोन ब्रश दिले, एक मोठा, एक छोटा. बस, वाटा आपला झाला. ना कागद, ना सही.

वरचा अर्धा बाबांचा, खालचा अर्धा तुझा, हे त्या दिवशी तूच ठरवलंस. मग दर पाळीला तुझी उंची वाढत गेली, पण तू गुडघ्यावर बसून खालचाच भाग रंगवायचीस. अठराव्या वर्षी तू त्यांच्याहून उंच झाली होतीस, तरी तसंच. केसांना डांबर, कानाला डांबर. मी खोबरेल तेलाची बाटली घेऊन मागे उभी. संध्याकाळी तिघं गवतावर बसून इंगरचे वॅफल खायचो आणि तुझे बाबा काळ्या झालेल्या भिंतीवरून हात फिरवून यायचे. एवढा शांत चेहरा मी त्यांचा एरवी कधी पाहिला नाही, पहिली नोकरी लागली तेव्हाही नाही.

आणि ती लांबीची, म्हणजे पुट्टीची, गंमत. ती आठवली की मी एकटीच हसते. आपल्या वाट्यावरच्या खिडकीच्या डोक्यावर, चौकट आणि वरचा ओंडका यांच्यामध्ये, चांगली चार बोटांची फट होती, लोकर आणि शेवाळ कोंबलेली. मी तिथेच बसायचे, मानेवर वारा लागायचा. मी कुरकुर केली. आपली माणसं, फट दिसली की बुजवायची, उंदीर शिरेल, पाल शिरेल. तुझ्या बाबांनी एका सकाळी कोणाला न विचारता सगळी लोकर उपसली आणि फट लांबीने गच्च भरून टाकली, वरून पॉलिश पेपर मारून अगदी गुळगुळीत. मला केवढा अभिमान. तो उन्हाळा कोरडा गेला, लाकूड आटलं, भिंत खाली बसली, आणि भर प्रार्थनेत काच अशी फुटली की तेव्हाचे पास्टर खाली वाकले. मी कुठे तोंड लपवू असं झालं. इंगर मात्र डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग तिने तुला जवळ घेऊन सांगितलं, की ओंडक्यांची भिंत कधी एका जागी राहत नाही, ओल्या दिवसात फुगते, कोरड्या दिवसात बसते, म्हणून खिडकीच्या डोक्यावर तिला बसायला जागा ठेवावी लागते. तू डोळे एवढे मोठे करून ऐकत होतीस. त्यानंतर दर रविवारी बाकावर चढून त्या फटीत बोटं घालून बघायचीस, आज भिंत कुठे आहे ते. मला तेव्हाच कळायला हवं होतं की ही पोरगी डॉक्टर होत नाही.

नऊ वर्षांपूर्वीच्या त्या दिवसाचं मी फार लिहीत नाही. तू मेडिकलचं तिसरं वर्ष सोडून आलीस आणि म्हणालीस, नॉर्वेला लाकडी चर्चं दुरुस्त करणाऱ्यांकडे शिकायला जाते. बाबा जे बोलले ते तुलाही पाठ आहे आणि मलाही. सुतारकी करायला का आम्ही सातासमुद्रापार आलो? आणि नंतरचं ते, की या घरात परत कोणाच्या हातात ते हत्यार दिसायला नको. तू म्हणालीस, परत म्हणजे काय, आधी कोणाच्या होतं? ते पाठ फिरवून आत गेले. तू गेलीस. मी दोन्हीकडून मार खाल्लेल्या ढोलकीसारखी मधे उभी राहिले.

पुढच्या पाळीला ते म्हणाले, त्या दिवशी माझी कॉन्फरन्स आहे. शनिवारी कसली कॉन्फरन्स? त्याच्या पुढच्या पाळीला निघाले तरी. जुना शर्ट घातला, ब्रश घेतला, गल्लीच्या टोकाला गाडी लावली आणि आत बसून राहिले. मी चर्चच्या फाटकातून बघत होते. सगळ्यांचे वाटे रंगवून झाले, वॅफल संपले, तरी गाडी तिथेच. घरी आल्यावर मी चिडले, म्हटलं, दहा पावलं चालवली नाहीत तुम्हाला? तर म्हणाले, खालचा भाग कोण रंगवणार होतं? मी म्हटलं, मी रंगवला असता. म्हणाले, तो तुझा नाही. आता अशा माणसाला काय म्हणायचं. त्यामुळे आठ-नऊ पावसाळे आपल्या वाट्याने उघड्या अंगाने सोसले. उत्तरेची भिंत, ऊन कधी लागत नाही, वरचं पाणी ओघळून खालच्या ओंडक्यात मुरत गेलं. भांडण आपलं आणि सडलं ते चर्च.

बाबांच्या कंपवाताचं मी फोनवर थोडं कमी करून सांगत आले आहे. उजवा हात आता चहाचा कप भरलेला धरू शकत नाही, मी अर्धाच भरते आणि दोनदा देते. चालतात, पण वळताना थांबावं लागतं. गाडी सोडली. डोकं मात्र शाबूत आहे आणि जीभही. तू स्वतः दुरुस्त केलेल्या त्या डोंगरातल्या घंटेच्या मनोऱ्याचे फोटो पाठवलेस ना, ते मी मुद्दाम टॅबलेटवर उघडून टेबलावर ठेवले आणि भांडी घासायला गेले. परत आले तर त्यांनी एका कोपऱ्याचा सांधा बोटांनी मोठा करून ठेवला होता, बोट थरथरतंय, फोटो सारखा सटकतोय, परत ओढतायत. माझ्याकडे न बघता म्हणाले, सांधा बरा बसलाय. तुझे बाबा बरा म्हणाले म्हणजे काय हे तुला ठाऊक आहे. मेडिकलला तुला पहिल्या वर्षी डिस्टिंक्शन मिळालं तेव्हाही बराच म्हणाले होते.

आता ते सांगते जे तुला फार आधी कळायला हवं होतं. लग्नाआधी तुझ्या बाबांनी मला शपथ घातली होती, म्हणून गप्प होते. ती आता सुटली, कशी ते पुढे सांगते. तुझ्या आजोबांचा लाकडाचा व्यवसाय होता असं तुला सांगितलं आहे. तू शाळेच्या प्रोजेक्टमध्ये टिंबर मर्चंट लिहिलं होतंस. तनू, ते सुतार होते. कराडच्या पुढच्या एका गावात, बाभळीच्या झाडाखाली त्यांची खोप होती. नांगर, जू, बैलगाडीची चाकं, खाटा, दारांच्या चौकटी, सगळं करायचे. वर्षभर काम करायचं आणि सुगीला खळ्यावर बलुत्याचं धान्य मागायला जायचं. शेजारी पोतं धरून तुझे बाबा उभे. पाटलाचं सगळं मोजून होईपर्यंत उन्हात उभं राहायचं आणि मग जे मिळेल ते घेऊन, हसून, घरी यायचं. त्याच पाटलाचा मुलगा बाबांच्या वर्गात होता. दुसऱ्या दिवशी शाळेत तो काय म्हणायचा ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, लग्नाआधी मिरजेच्या स्टेशनवर बसून, आणि म्हणाले, माझ्या मुलांना हे कधी कळता कामा नये. आजोबांचीच इच्छा होती की आपल्या पोराच्या, विष्णूच्या, हातात वाकस यायला नको. रंध्याला हात लावला तर ओरडायचे. पण पोरगं लपून सगळं शिकलं. मी सासरी पहिल्यांदा गेले तेव्हा आजोबा थकले होते आणि एका खाटेचा पाय तुझ्या बाबांनी, एम.बी.बी.एस. झालेल्या, दार लावून घेऊन बसवला होता.

म्हणून ते चित्रापुढे तसे उभे राहिले. म्हणून आत न बघता घर घेतलं, आणि म्हणूनच त्या दिवशी तुझ्यावर तसे तुटून पडले. त्यांना तुझ्या हातात वाकस दिसला नाही, आजोबांच्या हातातलं पोतं दिसलं. मला त्यांची बाजू घ्यायची नाही. चुकलेच ते. पण बाबांना तू कळली नाहीस असं तुला वाटत असेल, तर तेवढं मात्र मनातून काढ. तुझ्या कामातलं त्यांना जितकं कळतं तितकं या देशात फार थोड्यांना कळत असेल.

शपथ सुटली ती गेल्या महिन्यातल्या चर्चच्या मीटिंगमध्ये. प्रश्न त्या ओंडक्याचाच होता. इंजिनिअरचं म्हणणं, ओंडका कापून खाली काँक्रीट ओता आणि उत्तरेची भिंत बाहेरून शीट्सनी झाकून टाका, एकदाची कटकट मिटेल. मग त्या बाजूचं डांबर बंद आणि तिथले वाटेही गेले, आपलाच नाही, सगळ्यांचे. दुसरा मार्ग म्हणजे भिंत जॅकवर उचलून नवा ओंडका तासून आत सरकवायचा, पण ते काम येणारं माणूस आसपास कोणी नाही. मिडसमरपर्यंत कोणी मिळालं नाही तर काँक्रीट, असं ठरत आलं होतं. सगळे आमच्या दोघांकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते. तेवढ्यात तुझे बाबा समोरच्या बाकाला धरून उभे राहिले. मला वाटलं बाथरूमला जायचंय, मी हात द्यायला उठले तर त्यांनी मला बसवलं. इंग्लिशमध्येच बोलले, पण माझ्या डोक्यात ते मराठीतच राहिलंय. म्हणाले, माझे वडील सुतार होते. माझी मुलगी सुतार आहे. मधला मीच तेवढा वाया गेलो. ओंडका ती बसवेल. आणि खाली बसले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, या लोकांची ती पद्धत नाही. पास्टरबाईंनी फक्त लिहून घेतलं आणि विचारलं, तिचं नाव काय?

तर बाबांनी तुला न विचारता भर सभेत तुझ्या नावाने शब्द देऊन टाकलाय. तुला फोन करायची मात्र अजून हिंमत होत नाही. रोज सकाळी म्हणतात, आज करतो. मी हे पत्र त्यासाठी लिहायला घेतलं नव्हतं, त्यांचं त्यांनी निस्तरावं असंच माझ्या मनात होतं. पण परवा त्यांनी मला माळ्यावर चढवलं आणि मागच्या कोपऱ्यातलं एक गाठोडं काढायला लावलं. जुन्या सोलापुरी चादरीत आजोबांचा वाकस. इतकी वर्षं माझ्या डोक्यावर होता आणि मला पत्ता नाही. पातं चांगलं आहे, दांडा वाळवीने खाल्लेला. तेव्हापासून गॅरेजमध्ये बसून ॲशच्या लाकडाचा नवा दांडा तासतायत. एक त्यांच्या थरथरण्याने वाया गेला, दुसरा निम्मा झालाय, आणि तिथेच काल अडलं. घामाघूम होऊन स्वयंपाकघरात आले आणि विचारलं, शशी, तनूचा हात केवढा आहे गं? कोपरापासून बोटांपर्यंत. दांडा ज्याच्या त्याच्या मापाचा लागतो, नाहीतर घाव चुकतो आणि नडगी फुटते. मी तुला जन्म दिला, तुझ्या केसांतलं डांबर काढलं, आणि मला सांगता येईना. ते म्हणाले, अंदाजाने करतो. मी म्हटलं, अजिबात नाही, हात लावू नका, मी विचारते. तर बाळा, त्यासाठी हे पत्र. माप लिहून पाठवू नकोस. हात घेऊन ये.

तुझीच, गॅरेजच्या दाराशी अर्धा कप चहा घेऊन उभी असलेली,
आई